रस्त्याची कड कुणाची? हॉलंडच्या सायकलवाटेची गोष्ट



आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशाची गोष्ट सांगणार आहोत. पण तिची सुरुवात आमच्याच तालुक्याच्या बाजारात झाली, म्हणून आधी तिथूनच सांगतो.

गेल्या श्रावणात, बाजाराच्या दिवशी, आमच्या गटातल्या एका ताईची लेक सायकलवरून पडली. नववीतली पोर. शाळा तालुक्याच्या गावात, घरापासून चार किलोमीटर. सायकल मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते ती, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी असेल. मेन रोडला डाव्या हाताला ओळीने गाड्या लागलेल्या. वडापच्या जीपा, छोटा हत्ती, कुणाची चारचाकी. त्यांच्या कडेकडेने पोर निघाली होती. एका उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं, ती त्याच्यावर आपटली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली. मागून ट्रॅक्टर येत होता. त्या ट्रॅक्टरवाल्याचे पाय आम्ही धरू, त्याने वेळेवर ब्रेक मारला. पोरीचा हात मोडला, जीव वाचला.

घरी आल्यावर तिची आई म्हणाली, "बास झाली सायकल. मोठी झालीय आता." बाईच्या तोंडून 'मोठी झाली' आलं की पुढे काय येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आधी सायकल सुटते, मग शाळा सुटते, मग पाहुणे यायला लागतात.

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही भरली आणि मग तासभर हाच विषय चालला. कुणी म्हणालं पोरीचं लक्ष नव्हतं. कुणी गाडीवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी सगळ्या एका वाक्यावर येऊन थांबल्या: "रस्ताच अरुंद आहे, त्याला कोण काय करणार?" तेव्हा आमच्यातली सगळ्यांत वडील मावशी म्हणाली, "अरुंद कसला? आमच्या वेळी त्याच रस्त्यावरनं दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जायच्या, वर मधनं माणूस चालायचा. रस्ता तेवढाच हाय. कड खाल्लीय गाड्यांनी."

बांध कोरणं आपल्याला ठाऊक आहे. शेजारी दरवर्षी नांगराचं एकेक तास अलीकडे घेतो. भांडावं इतकं मोठं कधीच नसतं, आणि दहा वर्षांनी बघावं तर आपला अर्धा गुंठा गेलेला असतो. मावशी म्हणत होती ते हेच. मग आम्ही शोधायला लागलो: जगात कुठे गाड्यांनी खाल्लेली कड परत घेतली आहे का? घेतली असेल तर कुणी, कशी?

घेतली आहे. आणि त्यात आघाडीला लेकुरवाळ्या बाया होत्या.

हॉलंड देश तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. नेदरलँड्स असंही म्हणतात. सपाट जमीन, कालवे, पवनचक्क्या आणि जिकडे तिकडे सायकली. पुढे-मागे पोरं बसवून बाया जाताहेत, म्हाताऱ्या जाताहेत. बघणाऱ्याला वाटतं, यांचं पहिल्यापासून असंच असणार, सायकल यांच्या रक्तातच आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण ते अर्धंच खरं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथे सायकली खूप होत्या, हे बरोबर. युद्धानंतर, १९५० आणि ६० च्या काळात, देशात पैसा आला आणि घरोघरी मोटारी आल्या. रस्ते मात्र जुनेच. अ‍ॅम्स्टरडॅमसारखी शहरं तीन-चारशे वर्षांपूर्वीची, घराला घर चिकटलेलं, समोर कालवा, मध्ये चिंचोळा रस्ता. मोटारी लावायच्या कुठे? कालव्याच्या काठावर, चौकात, फुटपाथवर, दाराच्या तोंडाशी, जिथे जागा दिसेल तिथे त्या लागल्या. आधी होत्या त्या सायकलवाटा काही ठिकाणी उखडून मोटारींना दिल्या. सायकलवाले वर्षागणिक कमी होत गेले. साहेबलोकांना वाटायचं, सायकल हे गरिबीचं लक्षण आहे, थोड्या वर्षांत आपोआप संपेल. हे वाक्य आपल्याकडेही ऐकलेलं आहे, नाही का?

मोटारींची भूक किती मोठी, ते बघा. १९५४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या पोलीसप्रमुखाने एक योजना मांडली: शहरातले कालवे बुजवा आणि त्यावर रस्ते व गाड्या लावायची जागा करा. लोकांनी ती हाणून पाडली म्हणून आज ते कालवे बघायला जग जातं. उट्रेख्ट नावाच्या दुसऱ्या शहरात मात्र झालंच. गावाभोवतीचा शेकडो वर्षांचा जुना खंदक-कालवा एका बाजूने कोरडा करून १९७० च्या दशकात त्यातून मोठा मोटार रस्ता काढला. तो रस्ता पुन्हा उखडून तिथे पाणी परत आलं ते २०२० साली. चूक दुरुस्त व्हायला पन्नास वर्षं गेली.

आणि माणसं मरत होती. १९७१ साली त्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. देश केवढा? त्या वेळी १ कोटी ३० लाखांचा, म्हणजे तेव्हाच्या महाराष्ट्राच्या साधारण पाव. चारशे पोरं एका वर्षात! बहुतेक शाळेला जाताना, खेळताना, दुकानातून काहीतरी आणायला गेलेली.

त्यातली एक सहा वर्षांची मुलगी. सायकलवरून शाळेत जात होती, भरधाव मोटारीने उडवलं. तिचे वडील वर्तमानपत्रात काम करायचे, फिक लांगेनहॉफ त्यांचं नाव. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात म्हणाले नाहीत, हत्या म्हणाले. आपल्याकडे असं झालं की 'नशिबात होतं' म्हणतात. या बापाने नशिबावर टाकलं नाही. रस्ता माणसांनी बांधलाय, नियम माणसांनी केलेत, मग मरणाचा जाब माणसांनीच द्यायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हा मथळा वाचून आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या पोरीची आई तिथेच बसली होती.

त्या लेखातून चळवळ उभी राहिली, आणि लेखाचा मथळाच तिचं नाव झाला. तिची पहिली अध्यक्ष झाली मार्तये फान पुटेन, एक तरुण आई. पुढे ती युरोपच्या संसदेत निवडून गेली, पण तेव्हा ती अ‍ॅम्स्टरडॅममध्ये राहणारी, पोरंबाळं असलेली साधी बाई होती. या बायांनी काय केलं? मोठं काही नाही, पण डोकं लावून केलं. जिथे अपघात व्हायचे त्या जागी जाऊन ठाण मांडलं. एखाद्या दिवशी गल्लीचं तोंड बंद करून पोरांना मधोमध खेळायला सोडलं. घरातली टेबलं-खुर्च्या रस्त्यावर आणून सगळ्या गल्लीने एकत्र जेवण केलं. पोलिसांनी हाकलावं ना? उलट पोलीस मदतीला आले. सायकली घेऊन पंतप्रधानांच्या घरी गेल्या, दाराशी गाणी म्हटली, पोरांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. पंतप्रधान योप डेन आउल बाहेर आले आणि त्यांनी ऐकून घेतलं. हे वाचताना आम्हाला आमचे दारूबंदीचे मोर्चे आठवले. ओव्या म्हणत, टाळ घेऊन निघालेल्या बाया. ज्या बाईला भाषण येत नाही, तिला गाणं येतं.

एक गोष्ट तर पोरांनीच केली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये डे पैप नावाची जुनी, दाटीवाटीची वस्ती आहे. १९७२ मध्ये तिथल्या शाळेतली मुलं म्हणाली, आम्हाला खेळायला जागा नाही, सगळीकडे मोटारी उभ्या आहेत. त्यांनी वस्तीचा अभ्यास केला, सह्या गोळा केल्या, गल्ली अडवून बसली. त्याची फिल्म टीव्हीवर दाखवली होती. तिच्यात दिसतं की एक मोटारवाला चिडून अडथळे काढायला लागतो, बाचाबाची होते, मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात आणि पोरं बघत राहतात. म्हणजे तिथेही सगळं गोडीगुलाबीने झालं नाही, हे लक्षात ठेवा. आज कुणी परदेशातून आलं की सांगतं, 'तिकडची माणसंच समजूतदार.' तसं काही नाही. तिकडची माणसंही गाडीच्या जागेसाठी हमरीतुमरीवर आली होती.

मग १९७३ उजाडलं. अरब देशांनी हॉलंडचं तेल बंद केलं. तेल वाचवायला सरकारने रविवारी मोटारी बंद केल्या. पहिला असा रविवार ४ नोव्हेंबर १९७३. मोठमोठ्या हमरस्त्यांवर माणसं चालली, पोरांनी चाकाचे बूट घालून घसरगुंडी केली, सायकलींच्या रांगा लागल्या, कुणी घोडे काढले. दोनेक महिने हे रविवार चालले. लोकांनी बऱ्याच वर्षांनी रस्ता रिकामा बघितला. आणि रिकामा बघितल्यावरच कळलं, की तो केवढा रुंद आहे. आमच्या मावशीला जे आठवत होतं, ते त्या लोकांना डोळ्यांनी दिसलं.

१९७५ मध्ये सायकलवाल्यांनी स्वतःची संघटना काढली. गावोगावच्या सभासदांनी आपापल्या गावातल्या धोक्याच्या जागा नकाशावर टिपल्या आणि पालिकेत नेऊन दिल्या. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हजारो लोकांचे सायकल मोर्चे निघाले. सरकारला हलावं लागलं.

आता मुद्द्याची गोष्ट. सायकलवाटेला जागा आली कुठून?

घरं तर पाडता येत नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत रस्ता जेवढा होता तेवढाच. त्यात माणसाने चालायचं, सायकलने जायचं, मोटारीने जायचं आणि मोटार लावायची, अशी चार कामं. पहिली तीन कामं जाण्या-येण्याची. चौथं काम नुसतं उभं राहण्याचं. एक उभी मोटार साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा अडवते. तेवढ्यात दहा सायकली सहज लागतात. आणि मोटार म्हणजे काय, चोवीस तासांतले बावीस-तेवीस तास ती उभीच असते. घरात कपाट ठेवायला जागा नाही म्हणून आपण ते रस्त्यावर आणून ठेवलं तर गाव हसेल. मोटार ठेवली तर कुणी हसत नाही. डच लोकांनी हळूहळू हे चौथं काम कमी करत आणलं. जिथे मोटारींची एक रांग लागायची, तेवढ्याच पट्ट्यात दोन मीटरची सायकलवाट बसते. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये फुटपाथवर गाडी चढू नये म्हणून कडेला गुडघ्याच्या वर येतील असे लोखंडी खांब रोवले. बोलून ऐकत नाहीत, खांबाचं ऐकतात. हे आम्हाला फार पटलं.

पहिल्या दोन मोठ्या सायकलवाटा सरकारने पैसे देऊन टिलबर्ग आणि द हेग या शहरांत १९७० च्या दशकाच्या मध्यावर केल्या, करून तर बघू म्हणून. द हेगमध्ये दुकानदार खवळले. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येईल कसं, हा त्यांचा सवाल. वाटा झाल्या. सायकली वाढल्या: द हेगच्या वाटेवर ३० ते ६० टक्क्यांनी, टिलबर्गला ७५ टक्क्यांनी. पण त्यातली खोच अशी, की बरेचसे सायकलवाले शेजारच्या रस्त्यांवरून उठून या चांगल्या वाटेवर आले होते. एकच वाट चांगली करून गावातली सायकल वाढत नाही, हे त्यांना कळलं. मुलीला घरापासून शाळेपर्यंत जायचं असतं, मधल्या एका चांगल्या तुकड्यापुरतं नाही. म्हणून पुढे डेल्फ्ट शहरात १९८० च्या दशकात अख्खं जाळं विणलं: गल्लीतली वाट वस्तीच्या वाटेला मिळते, वस्तीची वाट गावाच्या मोठ्या वाटेला. आपल्या शेतातला पाट, चारी आणि कालवा असतात ना, तसंच.

ग्रोनिंगन नावाच्या गावात तर १९७७ च्या सप्टेंबरात एका रात्रीत पाट्या बदलल्या. गावाच्या मध्याचे चार भाग पाडले, मोटारीने एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येणार नाही, बाहेरून वळसा घ्यायचा. सायकल मात्र कुठूनही कुठेही. दुकानदारांनी आकाशपाताळ एक केलं. आज ते गाव सायकलींसाठी नावाजलेलं आहे.

फळ काय मिळालं? १९७१ मध्ये ४०० हून जास्त मुलं गेली होती. २०१० मध्ये तो आकडा १४ वर आला. नुसत्या सायकलवाटेने हे झालं, असं आम्ही म्हणणार नाही. गाड्यांचा वेग कमी केला, कायदे कडक केले, दवाखाने सुधारले, हे सगळं त्यात आहे. पण रस्त्याची वाटणी बदलली नसती तर हे झालं नसतं, एवढं नक्की. आज तिथे लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी पावाहून जास्त फेऱ्या सायकलवर होतात, आणि त्यात बायकांच्या फेऱ्या पुरुषांपेक्षा थोड्या जास्तच. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. जिथे रस्ता बेभरवशाचा, तिथे सायकलवर फक्त धाडशी पुरुष दिसतो. जिथे बाया आणि पोरं दिसतात, तिथे रस्ता चांगला आहे असं समजावं.

आणि ते थांबलेले नाहीत. २०१९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमने ठरवलं की २०२५ पर्यंत रस्त्यावरच्या गाड्या लावायच्या दहा हजारांहून जास्त जागा काढायच्या. तिथे घरासमोर गाडी लावायला पालिकेचा परवाना लागतो. त्यांनी कुणाची गाडी उचलून नेली नाही. कुणी घर सोडलं, गाडी विकली, की तो परवाना दुसऱ्याला द्यायचा नाही. जागा रिकामी होईल तशी तिथे झाडं, फुटपाथ, सायकली. बांध जसा हळूहळू कोरला तसाच हळूहळू परत घेतला.

दुकानदारांचं भय मात्र आपण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बाजारात आपणही दुकानदारच आहोत. आमच्या गटाचे पापड, शेवया, मसाले त्याच मेन रोडला विकले जातात. गाड्या हटल्या तर गिऱ्हाईक तुटेल का? याचं उत्तर दुसऱ्या दोन शहरांत सापडतं. अमेरिकेत न्यूयॉर्कला नाइन्थ अ‍ॅव्हेन्यू म्हणून रस्ता आहे. तिथे २००७ मध्ये उभ्या गाड्यांची रांग कडेपासून आत सरकवली आणि कड व गाड्या यांच्या मध्ये सायकलवाट काढली, म्हणजे उभ्या गाड्यांचीच भिंत झाली. पालिकेने नंतर हिशेब तपासला. त्या वाटेच्या काही भागातल्या स्थानिक दुकानांची विक्री ४९ टक्क्यांपर्यंत वाढली होती, तर त्याच काळात आजूबाजूच्या सबंध भागात वाढ होती ३ टक्के. कॅनडात टोरांटोच्या ब्लोर रस्त्यावर पाहणी केली, तर गिऱ्हाइकांत मोटारीने येणारा दहात एक निघाला. दुकानदारांना मात्र वाटत होतं की मोटारवाले पुष्कळ येतात. का वाटायचं? कारण मोटार दिसते. चालत येणारी बाई दिसत नाही, तिची फक्त पिशवी भरते.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. शाळा-कॉलेजच्या मुली, कारखान्यातले कामगार, कारकून, मास्तर, सगळे सायकलवर. मग स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि सायकल कडेला गेली. २००६ च्या सुमारास पुण्यात बीआरटीच्या बसरस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक बांधले. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं असेल तर बघितलं असेल: कुठे ट्रॅकवर दुचाक्या उभ्या, कुठे मधेच खांब, कुठे ट्रॅक अचानक संपलेला. द हेगवाले जे शिकले होते, ते इथे पुन्हा शिकायला लागलं. महापालिकेने २०१७ मध्ये सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. २०१८ मध्ये रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचं धोरण आणलं, तर इतका विरोध झाला की ते पाच रस्त्यांपुरतं ठेवायचं ठरलं. रस्त्याची जागा फुकट वापरायची सवय लागली की तिचे पैसे मागणारा चोर वाटतो.

पुण्याचं बघून आमच्यातल्या एका भाजीवालीने फार खरा प्रश्न काढला. ती म्हणाली, "गाड्या हटवायच्या म्हणून आले की आधी माझी पाटी उचलतील. गाडीवाल्याला हात लावणार नाहीत." याला आम्ही 'नाही' म्हणू शकलो नाही. अतिक्रमण हटाव म्हटलं की पहिला हात गरिबावर पडतो, हे आपण पाहिलेलं आहे. माल उतरवायला टेम्पो थांबायलाच पाहिजे, म्हातारं माणूस दवाखान्याच्या दारात उतरायलाच पाहिजे. म्हणून आम्ही ठरवलं, 'रस्ता मोकळा करा' असं मोघम मागायचं नाही. काय हलवायचं, काय ठेवायचं, ते मोजून मागायचं. पाणंद रस्त्याची मोजणी मागतो तसं.

मग एका बिनबाजाराच्या सोमवारी आम्ही सातजणी शिवणकामाच्या गटाची टेप घेऊन गेलो. बघायला गर्दी जमली, एकाने विचारलं, "सरकारी मोजणी आहे का?" शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत रस्ता गटारीपासून गटारीपर्यंत बत्तीस फूट भरला. दोन्ही बाजूंच्या उभ्या गाड्यांनी मिळून बारा फूट अडवलेले. सकाळी दहा ते अकरा आम्ही वहीत रेघा मारल्या: त्या तासात तिथून सायकलवर गेलेल्या शाळेच्या मुली एकोणचाळीस. आणि एकच चारचाकी अशी, जी आम्ही पोहोचल्यापासून निघेपर्यंत, म्हणजे तीन तास, एकाच जागी.

त्यावरून अर्ज लिहिला. मागणी एवढीच: शाळेच्या बाजूची एकच कड, शाळा भरताना आणि सुटताना, गाड्यांपासून मोकळी ठेवा, माल उतरवायला सकाळी नऊच्या आधीची वेळ द्या, भाजीच्या पाट्या समोरच्या कडेला आहेत तिथेच राहू द्या. ग्रामसंघाच्या ठरावासकट अर्ज नगरपंचायतीत दिला. आवक क्रमांक घेतला. तो घेतल्याशिवाय तुम्हीही कधी कचेरीतून उठू नका. साहेब म्हणाले, व्यापारी मंडळाशी बोलावं लागेल. आम्ही म्हणालो, आम्हालाही बोलवा, आम्हीही व्यापारी आहोत.

अजून बैठक लागलेली नाही. पण एक छोटी गोष्ट झाली. डच लोक मोटारीचं दार उघडायची एक पद्धत शिकवतात: दाराजवळच्या हाताने दार उघडायचंच नाही, लांबच्या हाताने उघडायचं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून त्याने डाव्या हाताने उघडायचं. तसं केलं की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारी सायकल दिसते. खर्च काही नाही. आमच्यापैकी काहींचे नवरे, दीर, भाचे वडापच्या जीपा चालवतात. त्यांना घरीच जेवताना सांगितलं. दोघा-तिघांनी सवय लावून घेतली आहे, बाकीचे हसतात. हसू द्या, रोज जेवायला घरीच येतात.

पोरीचं प्लॅस्टर निघालं. तिच्या आईने अजून सायकलला पूर्ण होकार दिलेला नाही. सध्या वाडीतल्या चौघी मुली एकामागे एक अशा रांगेने जातात आणि मेन रोड आला की उतरून सायकल हातात धरून चालतात. मेन रोडच्या त्या तुकड्याला त्यांना बारा मिनिटं जास्त लागतात, म्हणून त्या घरून लवकर निघतात. त्यासाठी आईला स्वयंपाकाला आणखी लवकर उठावं लागतं.

तुमच्या बाजारगावातही शाळेचा रस्ता असेल. एक टेप, एक वही आणि तिघी-चौघीजणी पुरतात. गटारीपासून गटारीपर्यंत किती, उभ्या गाड्यांनी किती अडवलं, आणि एका तासात किती मुली सायकलवर गेल्या, एवढं लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा. व्यापारी मंडळाबरोबर बैठक लागली की त्यात तुमचे आकडेही आम्ही वाचून दाखवू.